पियानोला मींड नसते, तरीही…

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या विनंतीवरून क्लब हाउसमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळानं मला 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन' हा विषय दिला होता. छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस दुसरं काय बोलणार, असं त्यांना वाटलं असावं. पण मुदत ठेवीचे व्याजदर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. म्हणून मी विषय बदलून मागितला. मला पियानोबद्दल बोलायचं आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात फक्त पियानोसाठी, एकट्या वादकासाठी जे संगीत लिहिलं गेलं, त्याची शिफारस मला तुमच्याकडे करायची आहे. तुमच्याकडे म्हणजे, ज्यांनी आयुष्यभर खयाल, ठुमरी, नाट्यसंगीत ऐकलं अशा कानसेनांकडे.

विषय ऐकून ए विंगमधले माझे एक स्नेही म्हणाले, "अहो, पियानो म्हणजे जिना. आपलं गाणं म्हणजे घाटाचा रस्ता. तुम्ही आम्हाला जिन्यावरून कशाला पळवताय?" त्यांचं नाव घेत नाही, पहिल्याच रांगेत बसलेत. त्यांचा आक्षेप खरा आहे. त्याच्याकडे येतोच. आधी थोडं घरचं सांगतो.

चौऱ्याऐंशी साली माझी बदली मडगावला झाली. एका जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला. खाली घरमालकीण राहायच्या, सत्तरीच्या, एकट्या. त्यांना सगळे आंटी म्हणत. दिवाणखान्यात एक उभा पियानो होता. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की दिवा लावायच्या आणि वाजवायला बसायच्या. नेमकी तीच माझी शाखेतून येण्याची वेळ. कॅश जुळलेली नाही, डोकं तापलेलं, त्यात खालून हे टणटण. मी रेडिओ मोठा करायचो.

आमच्या हिनं आठ-नऊ वर्षं रीतसर गाणं शिकलेलं होतं. ती मात्र पियानो सुरू झाला की हातातली भाजी खाली ठेवून जिन्यात जाऊन बसायची. पुढे पुढे तर सरळ खाली आंटींकडेच. एकदा वर येऊन मला म्हणाली, "अहो, त्या डाव्या हातानं ठेका धरतात आणि उजव्यानं गातात." मी म्हणालो, "गाण्याला मींड लागते." ती काही बोलली नाही. तीन वर्षं आम्ही त्या घरात होतो. मी एकदाही खाली गेलो नाही.

आता आठ वर्षं झाली ही जाऊन. त्यानंतर बराच काळ मला गाणं ऐकवेना. यमन लावला की तिचा रियाझ आठवायचा, भूप लावला की ती मुलीला शिकवत होती ते. कॅसेटचं कपाट बंदच ठेवलं होतं. मुलानं हेडफोन पाठवले, म्हणाला, बाबा, काहीतरी वेगळं ऐका. ज्यात तिची आठवण नाही असं काहीतरी हवं होतं, म्हणून मी पियानो निवडला. तिसऱ्या का चौथ्या दिवशी एक छोटी रचना लागली. मंद्र पंचमावरून सूर षड्जावर येतो, तिथे जरा टेकतो, मग एकेक पायरी चढत तार षड्जाला पोहोचतो. दुसऱ्या खेपेला तसाच चढतो, पण तार गंधारापर्यंत जातो. दोन मिनिटांत मला मडगावचा जिना दिसला. आंटी हेच वाजवायच्या. जवळजवळ रोज.

त्या रचनेचं नाव 'ट्रॉइमेराय', म्हणजे दिवास्वप्न. रॉबर्ट शुमान या जर्मन संगीतकारानं १८३८ साली 'बालपणीची दृश्ये' नावाच्या तेरा छोट्या रचना लिहिल्या, त्यांतली ही सातवी. मोठ्या माणसानं मागे वळून पाहिलेलं बालपण. वाजवायला फार कठीण नाही म्हणून घरोघरी वाजते. व्लादिमीर होरोविट्झ हा जगप्रसिद्ध पियानोवादक १९२५ मध्ये रशिया सोडून गेला आणि एकसष्ट वर्षांनी, १९८६ मध्ये, मॉस्कोत परत वाजवायला आला. वय ऐंशीच्या पुढे. त्यानं तिथे हीच रचना वाजवली. त्याचं चित्रीकरण पाहायला मिळतं. श्रोत्यांतला एक माणूस नुसता बसलेला आहे आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय, पुसायचंही त्याला सुचत नाही.

आता आक्षेपाकडे येतो. पियानोत मींड नाही, हे शंभर टक्के खरं. पट्टी दाबली की आत नमद्याची हातोडी तारेवर आपटते. सूर निघतो आणि त्याच क्षणापासून विरायला लागतो. वादकाला तो वाढवता येत नाही, वळवता येत नाही, पुढच्या सुरात मिसळता येत नाही. शिवाय बारा स्वर समान अंतरावर बांधलेले, त्यामुळे आपल्या कानाला पियानोचा गंधार किंचित चढा लागतो. याच तक्रारीवरून आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दार बंद ठेवलं होतं, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

पण संतूर आठवा. तिथेही तारेवर आघातच आहे. काश्मिरातल्या त्या वाद्यावर राग उभा राहील यावर सुरुवातीला कोणाचा विश्वास नव्हता, आणि शिवकुमार शर्मांनी तो उभा केला. पियानो म्हणजे संतूरचा अवाढव्य चुलतभाऊ समजा. सव्वादोनशेच्या आसपास तारा, अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, सात सप्तकांहून थोडं जास्त. पेटीवर बोट हळू ठेवा नाही तर जोरात, आवाज भात्यावर ठरतो. पियानोत तो बोटावर ठरतो. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये क्रिस्तोफोरीनं हे वाद्य बनवलं. त्याच्या मूळ नावाचा अर्थच 'हळू आणि जोरात'. आणि उजव्या पायाखालचं पेडल दाबलं की तारांवरचे नमदे उचलले जातात, मग न वाजवलेल्या ताराही आपोआप झंकारतात. सारंगीच्या तरफा जशा. जे मींडेनं होत नाही ते या लोकांनी तरफेनं केलं, असं मला वाटतं. पाश्चात्त्य पंडितांना हे पटेल की नाही, देव जाणे.

एवढं सांगून आता शिफारशी. मी क्रम शिकणाऱ्याच्या सोयीचा लावला आहे, इतिहासाचा नाही.

पहिलं नाव शोपँ. स्पेलिंग वाचून मी दोन वर्षं 'चॉपिन' म्हणत होतो, नातीनं सुधारलं. जन्म १८१० चा, वॉर्सापासून जवळच्या खेड्यात. विसाव्या वर्षी पोलंड सोडलं, पुन्हा परतणं झालं नाही. पॅरिसमध्ये १८४९ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे बहिणीनं त्याचं हृदय वॉर्साला नेलं. तिथल्या एका चर्चच्या खांबात ते ठेवलेलं आहे. त्यानं जे काही लिहिलं ते बहुतेक पियानोसाठीच. आणि त्याला वेड होतं गाण्याचं. इटालियन ऑपेरातले गायक ऐका, मग पियानो कसा वाजवायचा ते कळेल, असं तो शिष्यांना सांगायचा.

तुम्ही सुरुवात त्याच्या चोवीस प्रेल्यूडमधल्या पंधराव्यापासून करा. १८३८-३९ च्या हिवाळ्यात तो मायोर्का बेटावर आजारी अवस्थेत एका रिकाम्या मठात राहिला, तिथे हा संच त्यानं पुरा केला. पॅरिसहून मागवलेला पियानो कस्टममध्ये अडकला होता! (कस्टम सगळीकडे सारखंच.) या पंधराव्या प्रेल्यूडला लोक 'पावसाचा थेंब' म्हणतात, ते नाव त्याचं नाही. मी हा आधी का सांगतो? कारण यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक सूर थेंबासारखा वाजत राहतो, आणि तो सूर पंचम आहे. तंबोऱ्याची पहिली तार! सुरुवातीला शुद्ध स्वरांतली गोड चाल येते. मग मधल्या भागात षड्ज तोच, पंचम तोच, पण कोमल स्वर येतात आणि खालून ढग भरून आल्यासारखा अंधार होतो. पुन्हा उजाडतं. पाच-सहा मिनिटांचा मामला. आपल्या कानाला यात कुठेही परकं वाटत नाही.

त्याच संचातला चौथा दोन मिनिटांचा. उजवा हात पंचम आणि कोमल धैवत या दोन स्वरांतच घुटमळतो, दुसरीकडे जायला तयार नाही. डावा हात मात्र खाली एकेका स्वराची वीट काढून घेत राहतो. वरचा सूर तोच, पण पायाखालची जमीन सरकल्यामुळे दर वेळी वेगळा ऐकू येतो. आपल्याकडे तंबोरा स्थिर आणि गायक हलतो, इथे नेमकं उलटं. त्यांच्या हार्मनीचं मर्म मला या दोन मिनिटांत समजलं. शोपँच्या अंत्यविधीला हा प्रेल्यूड ऑर्गनवर वाजवला होता.

मग नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या रचना. हा प्रकार मुळात जॉन फील्ड या आयरिश माणसाचा, शोपँनं तो कुठच्या कुठे नेला. ओपस ९ मधला दुसरा तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेला असणारच. आता लक्ष देऊन ऐका. मुखडा परत परत येतो आणि प्रत्येक वेळी नवी हरकत, नवी मुरकी घेऊन येतो. ठुमरी ऐकणाऱ्याला यात काय शिकवायचं?

इथे एक शब्द सांगतो, रुबाटो. इटालियन शब्द, अर्थ 'चोरलेला वेळ'. मी त्याला उसना घेतलेला वेळ म्हणतो. एखाद्या सुरावर वादक जरा रेंगाळतो, म्हणजे पुढच्या सुरांचा वेळ उचलतो, आणि मग थोडी घाई करून फेड करतो. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत ओव्हरड्राफ्ट. शोपँचे शिष्य सांगत की उजव्या हाताला ही मोकळीक होती, पण डाव्या हातानं लय सोडायची नाही, डावा हात वाद्यवृंदाच्या संचालकासारखा. विलंबितात तबलजी ठेका धरून असतो आणि गायक त्याच्या मागे-पुढे खेळून समेवर येतो, तेच हे. फरक एवढाच की इथे गायक आणि तबलजी एकाच माणसाच्या दोन हातांत आहेत. काही वादक उचल घेतात आणि फेडतच नाहीत. अशी थकीत खाती पुष्कळ ऐकायला मिळतात, त्यांच्यापासून सावध राहा.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. डाव्या हातानं ठेका आणि उजव्यानं गाणं. हे मला चौऱ्याऐंशी साली घरातच कोणीतरी सांगितलं होतं.

शोपँच्या मझुर्काही ऐका. पोलंडमधल्या मझोव्हिया भागातलं हे लोकनृत्य, त्यानं पन्नासाहून अधिक लिहिल्या. त्यांच्या खेड्यातल्या संगीतात तीव्र मध्यम येतो, तो शोपँनं तसाच उचलला. ओपस ६८ मधल्या तिसऱ्या मझुर्केचा मधला तुकडा मुद्दाम ऐका. खाली षड्ज-पंचम धरून ठेवलेले आणि वर तीव्र मध्यमाची चाल. अर्धाच मिनिट. पहिल्या रांगेतल्या आमच्या स्नेह्यांना मी हा ऐकवला, तेव्हा ते पहिल्यांदा मान हलवून गेले. नंतर म्हणाले, मान आखडली होती.

लिस्टबद्दल फार बोलत नाही. बोटांची करामत अफाट, हजारो लोकांना त्यानं वेड लावलं, एकट्या पियानोवादकाची मैफल हा प्रकारही त्यानंच रुजवला. पण त्याच्या हंगेरियन रॅप्सडी ऐकताना मला टाळ्यांसाठी चाललेली सवाल-जवाबाची जुगलबंदी आठवते. त्याचं 'कॉन्सोलेशन' क्रमांक तीन तेवढं ऐका. खालचा षड्ज लांबवर धरून वर शांत चाल. मेंडेलसोनची 'शब्दांविना गीते' आहेत, एकूण अठ्ठेचाळीस. दुपारच्या चहाबरोबर छान वाटतात.

शुबर्टला मात्र वेळ द्यावा लागतो. व्हिएन्नाचा हा माणूस एकतीस वर्षं जगला. मृत्यूच्या दोन महिने आधी, सप्टेंबर १८२८ मध्ये, त्यानं पियानोचा शेवटचा सोनाटा पुरा केला, बी फ्लॅटमधला. नुसता पहिला भाग वीस मिनिटांचा. विलंबित खयालाचा धीर असलेल्या माणसानंच त्याला हात घालावा, म्हणून तर तुम्हाला सांगतो. सुरुवातीला प्रार्थनेसारखी चाल येते, मग थांबते, आणि अगदी खाली, खर्जात, कोमल धैवतावर एक गुरगुर होते. लांब कुठे तरी ढग गडगडावा तशी. पुन्हा चाल सुरू. आणि थोड्या वेळानं तीच चाल येते तेव्हा तो कोमल धैवतच नवा षड्ज झालेला असतो! मूर्च्छना म्हणा, षड्जचालन म्हणा. आपल्याला या संगीतात सगळ्यात जड जातं ते हेच, षड्ज हलतो. घर बदलल्यासारखं वाटतं. माझ्या चौदा बदल्या झाल्या, त्यामुळे असेल, मला सवय लवकर झाली. तुम्ही एवढंच करा, जुन्या षड्जाला चिकटून राहू नका. तो परत येतोच, आणि येतो तेव्हा कळतं की आपण किती लांब गेलो होतो.

ज्यांना वीस मिनिटं जड वाटतील त्यांनी शुबर्टचा जी फ्लॅटमधला इम्प्रॉम्प्टू ऐकावा. १८२७ ची रचना, सहा मिनिटं, संथ नदी. काळ्या पट्ट्या फार येतात, गिऱ्हाईक घाबरेल, म्हणून प्रकाशकानं तो १८५७ साली छापताना अर्ध्या स्वरानं वर सरकवून छापला होता. शुबर्टला जाऊन तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती.

आणि आता ब्राम्स. खरं तर मी एवढंच बोलायला आलो होतो.

१८९० च्या सुमारास योहानेस ब्राम्सनं जवळच्यांना सांगितलं की आता लिहिणं पुरे. सत्तावन्न वर्षांचा होता. म्हणजे आपल्यासारखीच निवृत्ती. पण राहवलं नाही, आणि १८९२-९३ मध्ये त्यानं पियानोसाठी वीस लहान रचना लिहिल्या, चार संचांत. मोठा आवाज नाही, कोणाला काही सिद्ध करून दाखवणं नाही. हा मनुष्य आयुष्यभर अविवाहित राहिला. तरुणपणी तो शुमानच्या घरी आला, शुमानची मती फिरली, १८५६ मध्ये तो रुग्णालयात गेला. मागे पत्नी क्लारा, वय छत्तीस, सात मुलं. क्लारा स्वतः युरोपातली नामांकित पियानोवादक, तिनं मैफली करून घर चालवलं. ब्राम्स तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. त्यांच्यात काय होतं आणि काय नव्हतं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मला त्यात रस नाही. चाळीस वर्षं टिकलं, एवढं मला पुरेसं आहे. यातला ओपस ११८ हा संच ब्राम्सनं क्लाराला अर्पण केला. तोपर्यंत तिचे हात दुखत होते, ऐकण्याचाही त्रास होता. १८९६ मध्ये ती गेली, पुढच्याच वर्षी तो.

त्या संचातला दुसरा इंटरमेत्झो. सुरुवात तीन स्वरांची: ग रे म. जरा दम. पुन्हा ग रे, आणि मग म ऐवजी एकदम तार षड्ज. बस. बोलायचं होतं एक आणि तोंडातून निघालं दुसरं, असं काहीतरी. सहा मिनिटांत तो ही गोष्ट परत परत बोलून पाहतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, "यमन!" घरात कोणी नव्हतं. ही असती तर म्हणाली असती, "अहो, मध्यम शुद्ध आहे." त्या रात्री मी कॅसेटचं कपाट उघडलं.

कोणाचं वादन ऐकावं हे लोक विचारतात. शोपँचे नॉक्टर्न आर्थर रुबिनस्टाइनचे, ब्राम्स राडू लुपूचा, शुबर्ट विल्हेल्म केम्फचा. आणि शोपँच्या वॉल्ट्झ दिनू लिपाटीच्या. हा रोमानियाचा वादक रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारानं त्रस्त होता. सप्टेंबर १९५० मध्ये फ्रान्समधल्या बेझाँसोंला त्याची शेवटची मैफल झाली. चौदा वॉल्ट्झ वाजवायच्या होत्या, तेरा झाल्या, चौदावीला ताकद उरली नाही. जरा थांबून त्यानं बाखची एक प्रार्थना वाजवली आणि उठला. डिसेंबरात गेला, वय तेहेतीस. त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. हे सगळं यूट्यूबवर फुकट मिळतं. मात्र फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, खर्ज पार नाहीसा होतो. हेडफोन घ्या किंवा मुलांचा ब्लूटूथ स्पीकर मागून घ्या.

जाता जाता एक सोसायटीचं काम. सी विंगमधली आपली एक मुलगी पियानो शिकते, आणि तक्रारवहीत तिच्याविरुद्ध तीन नोंदी आहेत. मी कमिटीत असताना पहिल्या नोंदीवर 'योग्य ती कार्यवाही करावी' असा शेरा मारून सही केलेली आहे, ती माझीच. ती सही मी आज सर्वांसमक्ष मागे घेतो. दुपारी दोन ते चार वाजवायचं नाही हा नियम राहू द्या. संध्याकाळी मात्र वाजवू द्या. सध्या ती 'ट्रॉइमेराय' बसवते आहे. तार गंधारावर दर वेळी अडखळते. साडेसहाच्या सुमाराला मी जिन्यात दुसऱ्या मजल्यावर बसलेला असतो. ज्यांना यायचं आहे त्यांनी या, पण गुडघे दुखणाऱ्यांनी घरून खुर्ची आणा.